सारखेल सरांना दलाल नको होता

"दलाल नको!" सारखेल सर म्हणाले आणि तोंडातला कोई माशाचा काटा काढून त्यांनी ताटाच्या कडेला असा ठेवला, जणू काही तोच दलाल.

"मी डाळ वाढू का म्हणून विचारलं," मंदिरा म्हणाली.

तिने डाळीचंच विचारलं होतं, हे खरं. पण गेले तीन दिवस त्या घरात कुठलाही प्रश्न विचारला की उत्तर घराचंच यायचं. घरमालकाने हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून, मिठाईच्या खोक्यासह सांगितलं होतं की जुनं घर बिल्डरला दिलंय आणि दुर्गापूजेच्या आत जागा मोकळी करून द्यावी लागेल. सव्वीस वर्षं ज्या भाड्याच्या घरात काढली, तिथून माणूस मिठाई खात बाहेर पडतो हे सरांना नवीन होतं. मिठाई मात्र चांगली होती. ती संपल्यावर सरांनी ठरवलं की आता भाड्याचं पुरे, निवृत्तीला एक वर्ष उरलंय, प्रॉव्हिडंट फंड आहे, घर विकत घ्यायचं. नाकतल्यातच, आहे त्याच भागात, घ्यायचं. पहिल्या मजल्याच्या वर नको, कारण मंदिराचे गुडघे. आणि दक्षिणेला मोकळं हवं, कारण कलकत्त्यात जन्मलेल्या माणसाला दक्षिणेचा वारा आणि मोक्ष यांतलं एकच मिळणार असेल, तर तो आधी वाऱ्याची चौकशी करतो.

"पोंचूला सांगितलं तर तो आठ दिवसांत दाखवेल," मंदिरा म्हणाली. "आपल्या पाड्यातली निम्मी घरं त्यानेच लावून दिलीत."

सरांनी जेवण थांबवलं. पोंचू म्हणजे पंचानन हाजरा. स्कूटरवरून फिरणारा, पांढरे मोजे घालणारा, एका कानाला कायम फोन चिकटलेला पाड्याचा, म्हणजे तिकडच्या गल्लीमोहल्ल्याचा, दलाल. आणि बावीस वर्षांपूर्वी नववी 'ब'मध्ये सरांचा विद्यार्थी. त्याला भूगोलात शंभरपैकी सतरा मार्क होते, आणि सरांच्या मते त्यांतले सहा दयेचे होते.

"ज्याने ब्रह्मपुत्रा राजस्थानात नेऊन सोडली," सर हळूहळू म्हणाले, "तो मला, एकतीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाला, दक्षिण कुठे ते दाखवणार? आणि त्याबद्दल मी त्याला वर पैसे द्यायचे?"

मंदिराने डाळ वाढली. लग्नाला तेहतीस वर्षं झालेल्या बाईला कुठे बोलायचं आणि कुठे डाळ वाढायची, हे कळतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली. ती त्यांनी चारदा लिहिली, कारण प्रश्नपत्रिका काढायची सवय असलेल्या माणसाला संदिग्धता खपत नाही. शेवटचा मसुदा असा होता: 'निवृत्तीच्या उंबरठ्यावरील शिक्षकास नाकतला परिसरात दक्षिण मोकळी, दोन खोल्यांची सदनिका हवी. मालकांनीच संपर्क साधावा. दलालांनी तसदी घेऊ नये.'

जाहिरात रविवारी आली. सकाळी साडेसहा ते दुपारी एक या वेळात त्रेचाळीस फोन आले. त्रेचाळीसही दलालांचे. अर्थात तसं कोणी म्हणालं नाही. एकजण मालकाचा भाचा होता, एकजण मालकाचा जुना स्नेही. एकाने सांगितलं, "सर, मी दलाल नाही, मी समाजसेवक आहे. फक्त सेवेचं दोन टक्के घेतो." एक बाई इतक्या मायेने बोलल्या की सरांनी त्यांना मंदिराच्या गुडघ्यांचं सगळं सांगितलं, मग त्यांनी आधी तेल सुचवलं आणि नंतर गडियातले तीन फ्लॅट. चव्वेचाळिसावा फोन वाजला तेव्हा सर ओरडले, "तसदी घेऊ नये म्हणजे काय ते कळतं का?" तिकडून त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, "सारखेलबाबू, उद्याच्या परीक्षेची देखरेख तुमच्याकडे आहे एवढंच सांगायचं होतं."

आता पाड्यात बातमी पसरली. कार्तिकच्या चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर रोज संध्याकाळी जे चार-पाच लोक बसतात, त्यांना दुसऱ्याच्या घराविषयी जेवढं कळतं तेवढं वास्तुविशारदालाही कळत नाही. त्यात सगळ्यांत अनुभवी भवतोष अधिकारी. सरांच्या घराखालीच भाड्याने राहायचे, मग सात वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचा फ्लॅट घेतला.

"निरुपमदा, तुमचं अगदी बरोबर आहे," भवतोषबाबू सरांना म्हणाले. "दलाल म्हणजे जळू. मी माझा फ्लॅट सरळ मालकाकडून घेतला. एक पैसा कोणाला दिला नाही."

"हे पाहा!" सर बाकीच्यांकडे बघून म्हणाले.

"फक्त कागद नीट बघा बरं का. माझ्या फ्लॅटची मोरी कागदोपत्री शेजारच्या दत्तांच्या नावावर आहे."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे... तुम्ही अंघोळ..."

"अंघोळ मीच करतो. दत्त भला माणूस आहे. दर विजयादशमीला रसगुल्ल्यांचं मडकं घेऊन जातो त्याच्याकडे. विषय कधी निघाला नाही."

सरांनी हा अनुभव मनात नोंदवला, पण अशा गोष्टी दुसऱ्यांच्याच बाबतीत होतात अशी प्रत्येक सुशिक्षित माणसाची खात्री असते, तशी त्यांचीही होती. त्यांनी छत्री घेतली, कापडी पिशवी घेतली, शाळेच्या प्रयोगशाळेतून सही करून होकायंत्र घेतलं, आणि 'विकणे आहे' अशा पाट्यांच्या शोधात ते रोज संध्याकाळी गल्ल्या पालथ्या घालू लागले.

पहिलं घर बांसद्रोणीत होतं. मालक बटुक नंदी, लोखंडाचे व्यापारी. त्यांनी मोठ्या अभिमानाने गॅलरीचं दार उघडून सांगितलं, "घ्या. दक्षिण!" सर गॅलरीत उभे राहिले, हातावर होकायंत्र धरलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही दक्षिण नाही. ही नैर्ऋत्येकडून जवळजवळ पश्चिम आहे."

"मोशाय, माझ्या वडिलांनी याच गॅलरीत बसून तीस वर्षं दक्षिणेचा वारा खाल्ला!"

"मग त्यांनी पश्चिमेचा खाल्ला," सर म्हणाले. हे वाक्य बोलायला नको होतं, हे त्यांना नंदींच्या नाकपुड्या पाहून कळलं. वडिलांचा फोटो भिंतीवर होता आणि त्याला हार होता. आवाज चढले. समोरच्या गॅलरीत दोन बायका आल्या, खालून एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय झालं, चोर?" सरांनी सर्वांना समजावं म्हणून होकायंत्र वर धरलं आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाविषयी दोन वाक्यं सांगितली. तेवढ्यात नंदींची कॉलेजात जाणारी मुलगी शांतपणे बाहेर आली, तिने सरांचा हात धरून त्यांना गॅलरीच्या लोखंडी जाळीपासून खोलीच्या मधोमध आणलं. सुई गर्रकन फिरली आणि गॅलरी निमूटपणे दक्षिणेला गेली.

"लोखंड आहे ना काका," ती म्हणाली. "बाबांनी जरा जास्तच लावलंय."

सरांनी माफी मागितली. नंदींनी ती स्वीकारली, पण फ्लॅट द्यायला नकार दिला. वडिलांना पश्चिमेचा वारा खायला लावणाऱ्या माणसाला ते घर विकू शकत नव्हते. सरांना मनातून ते पटलं.

दुसरं घर सुप्रभा लाहिरींचं. या एकट्या राहायच्या, वय ऐंशीच्या पुढे. तळमजला, दक्षिण खरी, पुढे कामिनीचं झाड. पहिल्या रविवारी त्यांनी सरांना लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि आलूर दम खाऊ घातला आणि घर दाखवायचं राहून गेलं. दुसऱ्या रविवारी घर दाखवलं, पण स्वयंपाकघरापर्यंतच, कारण तिथे पायेश, तांदळाची खीर, उकळत होतं. तिसऱ्या रविवारी सरांनी त्यांचा गॅस नोंदवला, दिव्याचा स्टार्टर बदलला आणि पेन्शनचा अर्ज भरून दिला. चौथ्या रविवारी मंदिराही आली. दोघी बायकांनी सरांना पेपर वाचायला बसवून तीन तास गप्पा मारल्या. निघताना सरांनी घसा खाकरून किमतीचा विषय काढला.

म्हातारी जराशी लाजली. "बाबा, तुम्ही रागावणार नाही ना? घर विकायचं नाहीये. पाटी लावली की रविवारी कोणीतरी येतं."

परतताना सर छत्री टेकवत भराभर चालत होते. मंदिराला वाटलं आता ते भडकणार. पण कोपऱ्यावर थांबून ते म्हणाले, "त्या मागच्या खोलीचा पंखा आवाज करतो. पुढच्या रविवारी बघायला हवा."

असे चार महिने गेले. पूजा जवळ आली. मांडवाचे बांबू रस्त्यावर येऊन पडले आणि घरमालकाने आणखी एक मिठाईचं खोकं पाठवलं. हे खोकं लहान होतं. सरांनी त्यातला इशारा ओळखला. रोजच्या पायपिटीने त्यांच्या सँडलचा तळ झिजला होता, आणि मंदिरा सामानाच्या खोक्यांवर 'पितळ', 'जुने अॅटलस', 'देव' असं लिहीत होती. एकदा पोंचू रस्त्यात भेटला. त्याने स्कूटर थांबवली, फोन खिशात घातला, पाया पडला.

"सर, ऐकलं की आपण घर बघताय. माझ्या लायकीचं काही काम असेल तर..."

"नाही," सर म्हणाले. "मी माझं बघतो. तुझं कसं चाललंय?"

"आपल्या आशीर्वादाने बरं."

आपण याला नक्की कुठला आशीर्वाद दिला होता, हे सर घरी येईपर्यंत आठवत राहिले.

आणि मग दिव्येंदू शिकदार भेटले. हरिसभा गल्लीत, पहिला मजला, दोन खोल्या, दक्षिणेला सुपारीची तीन झाडं. शिकदार टपाल खात्यातून निवृत्त झालेले, बारीक आवाजात बोलणारे, धोतराच्या निऱ्या पेन्सिलीने आखल्यासारख्या. त्यांनी सरांना खुर्ची दिली, स्वतः वेताच्या मोड्यावर बसले आणि म्हणाले, "मास्टरमोशाय, मला दलालांचा तिटकारा आहे. दोन सभ्य माणसांच्या मध्ये तिसरा कशाला?"

हे वाक्य सरांनी चार महिने स्वतःच्या मनात म्हटलं होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांचे डोळेच भरून आले. घर त्यांना फारच आवडलं. भर भाद्रपदात फरशी कशी गार! भिंतींना हात लावला तर वाळ्याच्या पडद्यासारख्या ओलसर. खिडकीखालून बेडकांचा आवाज येत होता. "निसर्गाच्या किती जवळ," सर मंदिराला म्हणाले. तिने भिंतीला बोट लावून बोट पाहिलं आणि म्हणाली, "कागद बघा हं." सर म्हणाले, "बघणारच." पण शिकदारांकडे दुसरा एकजण सोमवारी येणार होता, आणि शुक्रवार तर झालाच होता. शनिवारी सरांनी बयाणा दिला. प्रॉव्हिडंट फंडातून काढलेल्या पैशांतला तो लहानसा म्हणता येईल असा तुकडा नव्हता. पावती शिकदारांनी फार सुंदर अक्षरात लिहून दिली.

सरांनी टपरीवर सर्वांना चहा पाजला, आणि "मध्ये कोणी नाही, सरळ व्यवहार" हे दोनदा जरा मोठ्याने म्हटलं, कारण रस्त्याच्या पलीकडे पोंचूची स्कूटर उभी होती.

मग ते कागद बघायला जमिनीच्या कचेरीत गेले. पहिल्या दिवशी ज्यांच्याकडे ते रजिस्टर होतं ते जेवायला गेले होते आणि चार वाजेपर्यंत जेवत होते. दुसऱ्या दिवशी ते होते, पण कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, त्यांच्या मेव्हणीचं लग्न होतं. तिसऱ्या दिवशी सर एका रांगेत दोन तास उभे राहिले आणि खिडकीशी पोहोचल्यावर कळलं की ही रांग जन्मदाखल्याची आहे. तिथल्या बाईंनी मात्र सहानुभूतीने विचारलं, "नातू की नात?" चौथ्या दिवशी चष्मा कपाळावर ठेवलेले एक वयस्कर कारकून भेटले. फार अदबशीर माणूस. तिकडे जमिनीच्या क्रमांकाला 'दाग' म्हणतात. सरांनी दाग नंबर सांगितला. कारकुनांनी पानं उलटली, बोट फिरवलं, चष्मा खाली आणला, पुन्हा बोट फिरवलं.

"इथे पाणी आहे," ते म्हणाले.

"कुठे?" सरांनी आपल्या पायांखाली बघितलं.

"आपण सांगता त्या जागी. हा दाग पुकुर आहे. तलाव. नोंद तशीच आहे."

"अहो, तिथे चार मजली इमारत आहे!"

"असेल. कोणीतरी भराव घालून बांधली असेल. पण कागदावर तलाव तो तलावच."

"मी शनिवारी तिथे बसून चहा प्यालो!"

"प्याला असाल," कारकून अत्यंत मऊ आवाजात म्हणाले. "पण सरकारदरबारी त्या वेळी आपण पाण्याखाली होता."

त्यांनी शांतपणे पुढचंही सांगितलं. अशा जागेचं खरेदीखत पुढेमागे अडकतं, नावावर चढत नाही, बँक दारात उभं करत नाही. मग सरांकडे बघून त्यांनी स्वतःच्या पाण्याची बाटली पुढे केली. सरांनी ती घेतली नाही. त्या क्षणी त्यांना पाणी बघवत नव्हतं.

घरी आल्यावर ते थेट जेवायला बसले. मंदिरा त्या दिवशी डाळीत मीठ घालायला विसरली होती. सरांनी ती डाळ निमूट खाल्ली, वर आणखी मागून घेतली. तेव्हा तिने हातातला डाव खाली ठेवला.

"काय झालं?"

सरांनी सांगितलं. नकाशे वाचण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने बायकोच्या म्हातारपणाच्या पैशांतून तलाव विकत घ्यायला काढला, हे वाक्य सांगता सांगता त्यांचा आवाज फुटला. आता ती काहीतरी बोलणार, बोलायलाच हवं, आपल्याला ते ऐकून घ्यायलाच हवं, म्हणून ते खाली मान घालून थांबले.

"आधी हात धुवा," मंदिरा म्हणाली. "ताटातच बसून राहिलात."

सकाळी दार वाजलं. बाहेर पोंचू. पांढरे मोजे उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेले.

"काकीमांनी फोन केला होता," तो म्हणाला. सरांनी मंदिराकडे पाहिलं. मंदिरा चहाचं आधण ठेवायला आत गेली होती, म्हणजे घाईने गेली होती.

"सर, हरिसभा गल्लीतली ती इमारत ना? तिथे पुकुर होता. मोठा. पलीकडच्या काठाला केवड्याचं बेट होतं."

"तुला काय माहीत? रजिस्टर पाहिलंस?"

पोंचू जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रजिस्टर कशाला सर? नववीत असताना तुमचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असायचा. आम्ही चौघं त्या पुकुरात पोहायला जायचो. पूर्ण वर्षभर."

आपल्या तासाला बसलेली चव्वेचाळीस मुलं ब्रह्मपुत्रेच्या उपनद्या पाठ करत होती, त्या वेळी वर्गातली ही चारच मुलं प्रत्यक्ष भूगोलात उतरली होती, हे सरांच्या लक्षात आलं. बरं वाटावं की वाईट, हे मात्र त्यांना ठरवता येईना.

"मला शनिवारीच कळलं होतं," पोंचू पुढे म्हणाला. "टपरीवर तुम्ही बोललात तेव्हा. यावंसं वाटलं. पण तुम्ही म्हणाला असतात, बयाणा दिल्यावर दलाल बिब्बा घालायला आला."

"म्हणालो असतो," सर म्हणाले. खोटं बोलण्याची ताकद उरली नव्हती.

पोंचूच्या स्कूटरवर, एका हाताने छत्री आणि दुसऱ्याने पोंचूचा खांदा धरून, सर शिकदारांकडे गेले. वाटेत अकरा माजी विद्यार्थ्यांनी नमस्कार केला. सरांना एकालाही उलट नमस्कार करता आला नाही, कारण दोन्ही हात गुंतले होते.

शिकदारांनी दार उघडलं, पोंचूला पाहिलं आणि सगळं ओळखलं. ते मोड्यावर बसले. त्या पेन्सिलीने आखलेल्या निऱ्या पहिल्यांदाच विस्कटल्या.

"मास्टरमोशाय, मी तुम्हाला फसवायचं म्हणून नाही हो..." ते म्हणाले. "मलाही चार वर्षांपूर्वीच कळलं. मीसुद्धा सरळ मालकाकडून घेतलं होतं. मध्ये दलाल नाही म्हणून. मालक इतका सभ्य माणूस होता!"

आतून त्यांच्या पत्नी आल्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच आठवड्यात झालं होतं, आणि ते कुठल्या पैशांत झालं हे कोणी न सांगता सगळ्यांना कळलं. सर रागावण्यासाठी घरून चार वाक्यं तयार करून आले होते, त्यातलं एकही बाहेर पडेना. पट्टी बांधलेल्या बाई चाचपडत चहाचे कप आणत होत्या. सरांनीच उठून ट्रे घेतला.

बोलला तो पोंचू. दमदाटी नाही, उपदेश नाही. बयाण्यातले उरलेले पैसे आज, खर्च झालेले दोन हप्त्यांत, शिकदारांच्या पेन्शनच्या तारखा बघून. एका कागदावर त्याने लिहून दिलं, दोघांच्या सह्या घेतल्या. मग शिकदारांना म्हणाला, "दादा, आणि हे दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालू नका. इमारतीतली आठही कुटुंबं मिळून अर्ज करा. एकट्याचं ऐकत नाहीत, आठांचं निदान ऐकून घेतात. मी येईन सोबत." शिकदार मान हलवत राहिले. सरांना वर्गात शिस्त लावायला एकतीस वर्षं छडी टेबलावर ठेवावी लागली होती.

त्यानंतर पोंचू घर दाखवायला लागला. पण सरांना त्याने काही विचारलंच नाही. तो स्वयंपाकघराच्या दाराशी बसला आणि म्हणाला, "काकीमा, तुम्ही सकाळी भाजी कुठे बसून चिरता? देवाला किती जागा लागते? दिवसातून बाजाराला किती वेळा जाता? एकटीने की सरांबरोबर?" मंदिरा उत्तरं देत होती. सर पेपरामागून ऐकत होते. बाजाराला ती आठवड्यातून चारदा जाते आणि वाटेत दोनदा बसावं लागतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी त्याने एकच फ्लॅट दाखवला. पहिला मजला, लिफ्ट, मासळीबाजार तीन मिनिटांवर. सरांनी खिडकी उघडली आणि ते किंचाळलेच.

"हे तर उत्तर आहे!"

"हो सर. उत्तर."

"तुला ठाऊक होतं?"

"हे ठाऊक होतं," पोंचू नम्रपणे म्हणाला.

सर दक्षिणेच्या वाऱ्यावर, कर्कवृत्तावर आणि बंगालच्या उपसागरावर बोलायला वळले, तर मंदिरा खिडकीच्या रुंद कट्ट्यावर बसलेली. समोर एक शिंप्याचं दुकान, त्याच्या बाजूला मुलींची शाळा, शाळेच्या दाराशी फुचकावाला, म्हणजे पाणीपुरीवाला. तिने गुडघे ताठ केले, पाठ भिंतीला टेकली. शाळा सुटली. निळ्या फ्रॉकांचा लोंढा बाहेर आला आणि ती त्या लोंढ्याकडे बघून उगाचच हसली. चार महिन्यांत पाहिलेल्या एकोणीस घरांपैकी जिथे ती बरोबर आली, तिथे लाहिरींचं घर सोडलं तर ती कुठेच बसली नव्हती, हे सरांना आठवलं. बाकी सगळीकडे ती उभी होती, आणि ते होकायंत्राकडे बघत होते.

"कागद आण," सर पोंचूला म्हणाले.

पोंचूने तीस वर्षांचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीतून काढले. दर मालकाचा गठ्ठा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधलेला. सरांनी लाल पेन घेऊन ते अडीच तास तपासले. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली. बाकी पूर्ण मार्क.

दलालीचा विषय निघाला तेव्हा सरांना मनात कुठेतरी वाटत होतं की पोंचू कानाला हात लावून म्हणेल, गुरूकडून घेऊ कसे? आणि मग आपण आग्रह करू. पोंचूने घेतली. सगळी घेतली. सरांचा चेहरा बघून म्हणाला, "सर, फुकट केलं तर उद्या पंप बिघडला तेव्हा तुम्ही मला फोन करायला लाजाल." सरांना आधी राग आला, मग सुटल्यासारखं वाटलं. आणि पहिल्याच आठवड्यात पंप बिघडला, हे वेगळं सांगायला नको.

पूजेच्या आधी चार दिवस गृहप्रवेश झाला. सगळा पाडा आला. भवतोषबाबू आले आणि आल्या आल्या त्यांनी मोरी कोणाच्या नावावर आहे ते विचारलं. सुप्रभा लाहिरींना सर स्वतः रिक्षाने घेऊन आले. नंदी आले नाहीत, पण त्यांच्या मुलीने एक तुळशीची कुंडी पाठवली. पोंचू पांढऱ्या मोज्यांवरच पंगतीत लुच्या वाढत होता.

"वा निरुपमदा, जागा झकास," भवतोषबाबू म्हणाले. "कोणी दाखवली?"

सर उत्तर देणार तोच पोंचू परात घेऊन वाकला आणि म्हणाला, "सरांनी स्वतःच शोधली. मी फक्त कागद पोहोचवले." आणि सरांकडे न बघता पुढच्या पानावर गेला.

खोलीत कौतुकाची एक लाट उठली. मी सांगत होतो ना, मास्टरमोशायना फसवणं सोपं नाही. चार महिने चप्पल झिजवली माणसाने. मध्ये दलाल नाही, काही नाही. सर ऐकत होते. हेच ऐकायला ते चार महिने उन्हातान्हात फिरले होते, आणि ते किती गोड लागतं हे त्यांनी एक संपूर्ण मिनिटभर अनुभवलं. मग टपरीवरचे समाद्दार जवळ सरकले. "सर, माझ्या मेव्हण्याला घर हवंय. तुम्हीच जरा बघून द्या ना. दलाल नको म्हणतोय तो." पाठोपाठ आणखी दोघं सरकले. त्यातले एक भाड्याच्या घरातले होते, बायको आजारी असलेले, आणि त्यांच्या डोळ्यांत सरांविषयी असा विश्वास होता की सरांच्या घशात लुची अडकली.

ते पाणी प्यायले. उभे राहिले. वर्गात येऊन टेबलावर डस्टर आपटावा तसा वाटीवर चमचा वाजवला.

"ऐका," ते म्हणाले. "मी एकोणीस घरं बघितली आणि त्यातला एक तलाव घेतला. हे घर मी शोधलेलं नाही. हे पंचानन हाजराने शोधलं. त्याने दलाली घेतली, आणि तिचा पैन् पैसा वसूल आहे. ज्यांना घर हवंय त्यांनी त्याचा नंबर लिहून घ्या. समाद्दार, पेन काढा. अधिकारी, तुम्हीसुद्धा. मोरीचं काय करता येईल ते विचारा त्याला."

परातीतल्या लुच्या तशाच राहिल्या. पोंचू भिंतीशी उभा होता, कान लाल झालेले, नववी 'ब'मध्ये कधी उभा राहिला नसेल इतका ताठ. मंदिरा खिडकीच्या कट्ट्यावरून बघत होती.

लोकांनी फोन काढले, कोणी कागदी नॅपकिन घेतला. सर एकेक आकडा सावकाश, श्रुतलेखनासारखा सांगत गेले. त्यांना तो पाठ होता. "...तीन, आठ, एक, सहा. झालं?"

"सर," पोंचू दबक्या आवाजात म्हणाला.

"काय रे?"

"शेवटी सात आहे सर. सहा नाही."

सरांनी पोंचूकडे पाहिलं, चष्मा सारखा केला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सगळ्यांनी खोडा. पुन्हा लिहा."

आणि त्या उत्तरेच्या खोलीत वीसेक प्रौढ माणसांनी हातातल्या लुच्या बाजूला ठेवल्या, मुकाट्याने खोडलं, आणि पुन्हा लिहिलं.